आतल्या बाजूचा पाना

मुलांनो, एक लोखंडी टाकी डोळ्यांपुढे आणा. खोलीएवढी, दगडी चौथऱ्यावर बसवलेली. पत्र्याला पत्रा जोडून केलेली, आणि जोडावर बोल्टांच्या रांगा. बोल्टाचं डोकं आत, नट बाहेर. आता असा नट गंजला तर सोडवायचा कसा? नुसती ताकद लावाल, तर पाना निसटून बोटं फुटतील. आधी गंज खरवडायचा. मग घासलेट सोडायचं आणि त्याला मुरायला वेळ द्यायचा. हातोडीनं हलकं ठोकायचं. सोडण्याआधी नट केसभर आवळायचा, म्हणजे गंजाची पकड तुटते. एवढं करूनही कधीकधी नटाबरोबर बोल्टच गरगर फिरू लागतो. मग कुणाला तरी आत उतरून, बोल्टाच्या डोक्याला दुसरा पाना लावून धरावं लागतं. एकट्याचं हे काम नव्हे.

ही टाकी सोलापूरहून होटगीला जाणाऱ्या वाटेवर, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात होती. साल एकोणीसशे तीसच्या आसपासचं. भंगाराचा व्यापारी सिद्रामप्पा यानं ती घेतली आणि पत्रे सुटे करायला पीरसाब मिस्त्रीला लावलं. पीरसाब बाहेरून नट फिरवी, आणि आतून धरायला त्याचा मुलगा कासीम असे. पण त्या हिवाळ्यात कासीम तापानं गेला होता. पीरसाब एकटाच आला.

त्याची धाकटी मुलगी अजीजा दुपारी भाकरी घेऊन गेली, तेव्हा एक बोल्ट नटाबरोबर फिरत होता. पीरसाबनं कपाळ पुसलं आणि सवयीनं म्हणाला, "कासीम, धर."

बोल्ट थांबला.

पीरसाब हलला नाही. मग त्यानं पाना ओढला. कट्‌कन आवाज होऊन नट सुटला.

"अब्बा, आत कोण हाय?"

"हळू बोल," तो म्हणाला. "काम चाललंय."

त्या दिवसापासून तो घरी जेवायला येईना, मग झोपायलाही येईना. सिद्रामप्पा बघायला आला, तर एकही पत्रा निघालेला नव्हता.

"मिस्त्री, टाकी सोडवायला लावलंय का नवी बांधायला? काल निघालेले नट आज परत घट्ट?"

"सगळे सुटले तर पत्रं पडतील, मालक."

"पडू द्या की! मी काय त्यात पाणी भरणार हाय?"

"मग त्यानं कुटं बसायचं?"

सिद्रामप्पा हसला. तेवढ्यात टाकीच्या आत लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. तो तसाच रस्त्याला लागला, आणि पुन्हा आला नाही.

"आज अब्बांना घेऊनच ये," पीरसाबची बायको अमिना लेकीला म्हणाली. ती चुलीसमोर बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. "एकाला मातीत ठेवलं. दुसऱ्याला त्या टाकीला द्यायची न्हाय मी."

अजीजानं वाटेत विचार केला. आत कुणीच नाही हे अब्बांना आतूनच ओरडून सांगायचं, म्हणजे ते उठतील. तिनं वाक्यही जुळवून ठेवलं. ती पोचली तेव्हा पीरसाबची तिच्याकडे पाठ होती. तिनं त्याच्या थैलीतून एक पाना घेतला, मागच्या शिडीनं वर गेली आणि वरच्या गोल तोंडातून आत उतरली.

आत भट्टीसारखं तापलं होतं. तळाशी सुकलेला गाळ होता, पिठासारखा मऊ. त्यावर पावलं उमटली होती ती फक्त तिची.

"कासीम, धर," बाहेरून आवाज आला.

तिच्यासमोरचं एका बोल्टाचं डोकं फिरू लागलं. ते कुणी धरलं नाही. ते फिरतच राहिलं.

"कासीम, धर की."

आता सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"कासीम? बेटा, गेलास का रे?"

अब्बांचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. मयतीच्या दिवशीही नाही.

अजीजानं पाना बोल्टाच्या डोक्याला लावला आणि दोन्ही हातांनी धरला.

"शाब्बास," बाहेरून आवाज आला. सुटकेचा.

बाहेरून जोर आला. तिचे हात लहान होते. गाळात टाचा घसरू लागल्या, पाना मुठीतून फिरू लागला.

आणि एकाएकी स्थिर झाला.

तिच्या मुठींच्या पलीकडे, दांड्याच्या टोकावर, आणखी कुणाचा तरी भार आला होता.

अजीजानं वळून पाहिलं नाही. घरी चला, हेही तिच्या ओठांवर आलं नाही. तिनं आपले हात थोडे अलीकडे सरकवले आणि दांड्यावर जागा करून दिली.