दोन नंबरचा माईक

जिन्यातला दिवा राहू द्या तसाच. तुम्ही सगळे यंदाचे नवे, आणि रोज मला एकच विचारता. मामा, स्टुडिओशेजारची ती काचेची खोली बंद का? पाहुण्यांना बसवायला जागा नाही, आणि एवढ्या चांगल्या खोलीला कुलूप का? दिवसा विचारलंत तर सांगत नाही. आज अंधार पडल्यावर विचारलंत, तर ऐका. ऐकीव नाही हे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या बाबतीत घडलंय.

तिला सगळे चिमणी म्हणायचे. अंगापिंडानं एवढीशी, पण गाणी लावायची ती अशी, की भिंतीचे पोपडे पडावेत. गिटार करवतीसारखी, ड्रम छातीत वाजणारे, आणि गाणारा जणू कुणाशी तरी कडाकडा भांडतोय. आपल्या या कॉलेजच्या रेडिओवर दर गुरुवारी रात्री अकरा ते एक तिचा कार्यक्रम. नाव 'घणाघात'. एकटीच चालवायची. तिचे वडील बस चालवतात, त्यांना ती अण्णा म्हणते. अण्णा म्हणायचे, "कुणीतरी जिन्यावरून भांडी सोडून दिल्यासारखं वाटतं बुवा." पण शेवटची फेरी संपवून आगारात बस लावली, की दर गुरुवारी तिथंच सीटवर बसून सगळा कार्यक्रम ऐकायचे. मध्ये मध्ये लेकीचा आवाज येतो ना, तेवढ्यासाठी.

सतरा नोव्हेंबर, गुरुवार. रात्री साडेआठला चिमणी माझ्याकडे आली, दुरुस्तीला दिलेला हेडफोन न्यायला.

"मामा, मध्येच एक कान बंद नाही ना पडणार? आज काही बिघडलं तर माझी वाट लागेल."

"नवी वायर घातलीय. आज एवढं काय आहे?"

"आपल्या रेडिओच्या मॅडम म्हणाल्या, तीन महिन्यांत तुझ्या कार्यक्रमाला एक फोन नाही. आजही आला नाही, तर पुढल्या गुरुवारपासून त्या वेळेला रेकॉर्ड केलेली भाषणं लावणार."

"मग मी करतो की एक फोन."

"तुमचा नंबर त्यांना पाठ आहे," ती म्हणाली, आणि हसत हसत सायकलवर टांग टाकून गेली.

आता स्टुडिओ तुम्हाला ठाऊकच आहे. तिसऱ्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. तिचं टेबल, त्यावर एक नंबरचा माईक, समोर मोठी काच आणि काचेपलीकडे पाहुण्यांची खोली. तिथं दोन नंबरचा माईक. ती खोली जूनपासूनच बंद होती, कारण छत गळत होतं. दोन नंबरच्या माईकची वायर मी स्वतः काढून, गुंडाळून कपाटात टाकली होती. खोलीच्या दाराला कडी, ती स्टुडिओच्या बाजूनं. आणि ते दार कुठं, तर बाहेर जायच्या दाराला अगदी लागून.

अकराला कार्यक्रम सुरू झाला. दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी चिमणी चार वाक्यं बोलली, गाणं सोडलं, आणि फोनचा दिवा लुकलुकला. तिचा आनंद काय विचारता!

"नमस्कार, 'घणाघात'!"

"ताई, मी बेकरीत रात्रपाळीला असतो. भट्टीपाशी तुमचा रेडिओ लावतो. आज मजा आली बघा. तुमच्या जोडीला तो नवीन कोण आहे?"

"कोण नवीन?"

"तो हो, तुम्ही बोलून थांबलात की बोलतो तो. आवाज काय आहे माणसाचा!"

चिमणीला वाटलं, दुसरंच कुठलं तरी स्टेशन मध्ये घुसत असेल. तिनं मोबाइलवर आपलाच कार्यक्रम लावून पाहिला. गाण्यांच्या मध्ये फक्त तिचाच आवाज. दुसरं काही नाही. म्हटलं, असेल काहीतरी.

साडेअकरापर्यंत सहा फोन झाले. पावणेबारापर्यंत अकरा. तीन महिने जो दिवा मेल्यासारखा होता, तो विझायलाच तयार नव्हता. आणि जो तो त्या दुसऱ्याचंच कौतुक करत होता. किती छान बोलतो. किती विनोदी आहे. तुम्ही दोघं रोज का नाही येत? एकदा तिच्या मनात आलंसुद्धा, की जाऊ दे, काय असेल ते असो, कार्यक्रम तर वाचला.

मग एका दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला.

"अगं, तू त्या मुलाला उत्तर का देत नाहीस?"

"कशाचं उत्तर, मावशी?"

"कधीचा म्हणतोय तो, दार उघड म्हणून. आधी मला वाटलं, थट्टा चाललीय तुमची. पण आता... आता रडवेला झालाय गं."

चिमणीनं मान वर केली. काचेपलीकडे अंधार. अंधारात खुर्चीची पाठ दिसत होती, माईकची मान दिसत होती. बाकी काही नाही.

तिनं पुढचं गाणं सोडलं. आवाज वाढवला. ती डगमगणारी नव्हती. उठली, बॅटरी घेतली, काचेला टेकवून आत उजेड मारला. रिकामी खोली. जमिनीवर धूळ. धुळीवर पाऊल नाही.

पण फोन थांबेनात. आणि आता लोक रागावले होते.

"काय हो, माणुसकी आहे की नाही तुम्हाला?" एक म्हातारे गृहस्थ ओरडले. "तो पोरगा गुदमरतोय म्हणतो आत!"

"आजोबा, आत कुणी नाही. मी बघितलंय."

"मग आम्ही काय बहिरे आहोत? एक कडी काढायला काय होतं तुमचं?"

कडी... तिनं कडीचं नाव कुणापाशी काढलं नव्हतं.

त्यापुढचे चार फोन, चारही माणसं वेगळी, मागणी एकच. फोन घेता घेता गाणं कधी संपलं, तिला भानच नव्हतं. उघड ना बाई. किती अंत बघतेस त्याचा. दुसऱ्या कॉलेजातली एक मुलगी तर फोनवर हमसून हमसून रडायला लागली. चिमणीला वाटायला लागलं, आपलंच चुकतंय का? खरंच कुणी आत असेल, आपल्याला दिसत नसेल, ऐकू येत नसेल... ती खोली बांधलीच आहे अशी, की आतला आवाज बाहेर येऊ नये.

ती उठली. दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला.

कडी थंड नव्हती. कोमट होती. पलीकडून कुणी बराच वेळ धरून ठेवावी, तशी.

तेवढ्यात खिशात तिचा स्वतःचा मोबाइल वाजला. अण्णा.

बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"चिमणे, तूच आहेस ना?"

"मीच आहे. अण्णा, तुम्हालाही ऐकू येतोय का तो?"



"आता तो नाही बोलत," ते म्हणाले. "दहा मिनिटं झाली. आता तूच बोलतेस."

"मी? मी तर... दहा मिनिटं मी माईकवर बोललेच नाहीये."

"तेच सांगतोय. आवाज तुझा आहे. हुबेहूब. मी फसलो. पण आत्ता तू म्हणालीस, 'बाबा, मी आत अडकलेय, दार उघडायला सांगा.' तू मला जन्मात कधी बाबा म्हटलं नाहीस."

चिमणीनं कडीवरचा हात काढला.

"ऐक. गाणं चालू असलं की तो गप्प असतो. मघापासून बघतोय मी. गाणं संपलं की लगेच. तुझ्याकडचं सगळ्यात लांब गाणं कोणतं?"

"चौदा मिनिटांचं आहे एक."

"ते लाव आणि खाली ये. मी बस काढलीय. फाटकाशी येतो. आणि चिमणे... त्या दाराकडे बघू नकोस."

तिनं गाणं लावलं. आवाजाची पट्टी होती नव्हती तेवढी वर ढकलली. दप्तर घेतलं नाही. हेडफोन घेतला नाही. बाहेरच्या दाराकडे निघाली. ते दार त्या दाराला लागून. नजर जमिनीवर ठेवली.

जमिनीवर नजर होती, म्हणूनच दिसलं. त्या दाराच्या खालच्या फटीतून धूळ बाहेर येत होती. थोडी. मग थोडी. कुणी आतून फुंकर घालावी तशी.

ती पळाली.

बोळ. जिना. बोळातले दिवे दहानंतर बंद. गाणं लावताना मोबाइल टेबलावर ठेवला, तो तिथंच राहिलेला. कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत. वरून गाण्याची धडधड येत होती. पहारेकऱ्याची खुर्ची रिकामी, तो फेरीवर गेलेला. खालचं दार ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. खालचा अडसर पायानं सरकवावा लागतो, तेच आठवेना. किती वेळ गेला, देव जाणे. शेवटी सरकला.

पटांगणाच्या मध्यावर आली... आणि वरचं गाणं संपलं.

सगळं शांत.

फाटकाशी बस उभी होती. आतले दिवे लागलेले. अण्णा सीटवर, दोन्ही हात चाकावर. चिमणी धावत गेली आणि बसच्या दारावर दोन्ही हातांनी मारायला लागली.

"अण्णा, दार उघडा! अण्णा!"

अण्णांनी वळून पाहिलं. पण दार उघडलं नाही.

"अण्णा, मी आहे!"

ते नुसते बघत होते. चेहरा पांढराफटक. नजर तिच्यावरून रेडिओवर, रेडिओवरून तिच्यावर. चिमणीला काचेतून रेडिओचा हिरवा दिवा दिसत होता. तो काय बोलतोय, ते ऐकू येत नव्हतं. पण अण्णांच्या तोंडाकडे बघून कळलं. तो तेच बोलत होता. शब्द न् शब्द. तिच्याबरोबरच. आणि आता बाबा म्हणत नव्हता.

तिनं हात खाली घेतले. गप्प उभी राहिली.

अण्णांनी हळूच हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला. मग काचेजवळ तोंड आणून म्हणाले,

"आता बोल."

काय बोलणार? तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "अण्णा, पुरे ना. मला थंडी वाजतेय हो."

दार उघडलं.

अण्णांनी तिला सीटच्या बाजूला, इंजिनाच्या उबेला बसवलं आणि बस सरळ माझ्या दारात आणून उभी केली. आगाराला न विचारता. त्याबद्दल पुढं त्यांना आठ दिवस घरी बसवलं. आजही विचारा, म्हणतात, आठ काय, ऐंशी दिवस बसलो असतो.

चिमणीनं तो कार्यक्रम सोडला नाही, हेही सांगतो. अजून चालवते, दुसऱ्या इमारतीतून, भरदुपारी. दोन गाण्यांच्या मध्ये एका सेकंदाची फट ठेवत नाही. ऐकणाऱ्यांना वाटतं, तिची शैलीच आहे ती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी इथं आलो. मॅडम माझ्या आधी येऊन बसल्या होत्या. खुशीत होत्या. "एकतीस फोन!" म्हणाल्या. "आणि एकला निरोप घेतला तोही किती गोड बोलून."

मी म्हटलं, "पोरगी साडेबारालाच निघाली इथून."

त्यांना पटेना. आपलं यंत्र तुम्ही पाहिलंय. वीस सेकंद शांतता झाली, की मॅडमच्या फोनवर संदेश जातो. त्या रात्री संदेश गेला नव्हता. मग आम्ही रात्रीचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात चिमणी होती, गाणी होती. तो कुठंच नव्हता. चौदा मिनिटांचं गाणं संपलं, आणि तिथून एक वाजेपर्यंत... काही नाही. नुसती शांतता. मॅडम ऐकत बसल्या, ऐकत बसल्या, आणि पर्स उचलून निघून गेल्या.

मी एकटा राहिलो. कपाट उघडून पाहिलं. वायर मी ठेवली होती तिथंच, तशीच गुंडाळलेली. मग ती कडी काढली आणि आत गेलो.

धूळ. जूनपासूनची. खुर्चीवर, टेबलावर, जमिनीवर. माझ्याशिवाय कुणाचं पाऊल नाही. फक्त दोन नंबरच्या माईकवर धूळ नव्हती. त्याच्या तोंडाला तो काळा स्पंज असतो ना, बोलणाऱ्याचा श्वास अडवायला... मी तो बोटांनी दाबून पाहिला.

ओला होता.

आणि गरम.