सरासरी सोळाशे

शाल्मली हुलवळेनं वजीर राजाच्या शेजारी नेऊन ठेवला आणि जरा घाबरतच म्हणाली, "मात, अन्वरभाई."

भोजनगृहातली माणसं उठून पटाभोवती गोळा झाली. मग एकदम टाळ्या पडल्या. गुरू ग्रहाच्या कॅलिस्टो या चंद्रावर, बर्फाखाली खोदलेल्या अरुंधती ठाण्यात तीसेक माणसं राहत होती. मुख्य चालक अन्वर मुजावर यांच्याशी पटावर गाठ पडली की त्यातली बहुतेक जण आधीच हात टेकत. शाल्मली तर हरितगृहातली वनस्पतितज्ज्ञ, सगळ्यांना मेथी आणि टोमॅटो खाऊ घालणारी. बुद्धिबळात तिची गणना कधी कोणी केली नव्हती. पण गेलं वर्षभर ती एकामागून एकाला लोळवत वर चढत होती आणि आज थेट शेंड्यावर पोचली.

भिंतीवरच्या फलकावर आकडे बदलले. शाल्मली अठराशे पाच, अन्वर सतराशे पंच्याण्णव.

हे मानांकन नुसतं मिरवण्यापुरतं नव्हतं. ठाण्याचे डॉक्टर हेरंब नाबर यांनी ते माणसांच्या मेंदूवर नजर ठेवण्यासाठी आणलं होतं. पूर्वी ते रीतसर दक्षता-चाचण्या घेत, पण तेच ते प्रश्न लोकांना पाठ होत आणि पेंगुळलेला माणूसही पैकीच्या पैकी गुण घेऊन जाई. बुद्धिबळात समोरचा दर वेळी नवी अडचण उभी करतो, तिची घोकंपट्टी चालत नाही. तेव्हा दर रविवारी सगळ्यांनी घड्याळ लावून खेळायचं आणि ज्याचं मानांकन घसरेल त्याला डॉक्टरांनी तपासायचं, असं ठरलं. पुढे ठाण्यानं आपल्या हौसेनं त्यात एक नियम जोडला. येणारं यान ज्या यांत्रिक भुजेनं झेलायचं ती भुजा, शिकलेल्या चालकांपैकी ज्याचं मानांकन जास्त, त्यानंच चालवायची. गुरूच्या किरणोत्सारात स्वयंचलित यंत्रणा ऐन वेळी दगा देतात, म्हणून यान माणसाच्या हातानंच पकडावं लागे. भुजा शिकलेली माणसं दोनच होती : अन्वरभाई आणि राखीव म्हणून शाल्मली.

"बघ की, आता येणारं 'वारणा' यान तूच झेलायचं," अन्वरभाई हसत म्हणाले. ते मिरजेचे. हरल्यावर तोंड पाडून बसणं त्यांना माहीत नव्हतं. "बेचाळीस माणसं आहेत त्यात. पोरी, हात थरथरू द्यायचा नाही."

तीन वर्षं शाल्मली राखीव खुर्चीत बसून दुसऱ्याचे हात बघत आली होती. ती खुर्ची आपली व्हावी असं तिला फार वाटे. त्या दिवशी हरितगृहात परतताना तिला अक्षरशः नाचावंसं वाटलं, आणि कॅलिस्टोच्या मरतुकड्या गुरुत्वाकर्षणात ती थोडी नाचलीही.

दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या वेलींना आधार बांधून झाल्यावर तिनं तो डाव पुन्हा मांडला. विजयाची चव आणखी एकदा घ्यावी, एवढाच हेतू होता. पण मध्यावर आल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली. अन्वरभाईंनी आपला हत्ती चक्क उघड्यावर सोडला होता. त्यामागे सापळा नव्हता, डावपेच नव्हता, काहीच नव्हतं. एखाद्या नवशिक्यानंही सोडला नसता. तिनं मागच्या महिन्याचे डाव काढले. ज्यांना ज्यांना तिनं हरवलं, त्या प्रत्येकानं असलंच काहीतरी तिच्या हातात आणून दिलं होतं.

ती तडक डॉक्टरांकडे गेली.

"अन्वरभाईंना काहीतरी होतंय, डॉक्टर. तपासा त्यांना."

"कशाला? त्यांचं मानांकन जिथल्या तिथे आहे." नाबरांनी चहाचा पेला हातात घेत पडद्याकडे बोट दाखवलं. "आले तेव्हा अठराशे, आज सतराशे पंच्याण्णव. पाच गुण म्हणजे काहीच नाही. तू सुधारलीस हे मान्य करायला एवढा संकोच कशाचा?"

"हा आकडा नेमका निघतो कसा?"

"अगदी सोपं आहे. जिंकणारा हरणाऱ्याकडून गुण घेतो. अपेक्षेप्रमाणे जिंकला तर थोडे, अपेक्षेविरुद्ध जिंकला तर पुष्कळ. तू आलीस तेव्हा साडेपंधराशेला होतीस. म्हणजे तुझ्यात आणि अन्वरभाईंत अडीचशेचं अंतर. एवढ्या अंतरात खालच्यानं पाच डावांत फार तर एक जिंकावा. तू त्याहून जास्त जिंकायला लागलीस, म्हणून त्यांचे नि बाकीच्यांचे गुण तुझ्याकडे आले."

"म्हणजे नवे गुण कुठून येत नाहीत. एकाचे दुसऱ्याकडे जातात."

"तीच तर त्यातली गंमत! तीन वर्षांपूर्वी ठाण्याची सरासरी सोळाशे होती, आजही सोळाशे आहे. मी दर महिन्याला पृथ्वीला अभिमानानं कळवतो : सरासरी सोळाशे, दक्षता कायम."

शाल्मलीनं पडद्यावरच्या सगळ्या आकड्यांवरून नजर फिरवली. मग तिनं विचारलं, "समजा, आपण सगळेच्या सगळे सारखेच मठ्ठ झालो, तर सरासरी किती येईल?"

"सोळाशे," डॉक्टर सहज बोलून गेले. नंतर त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, आणि तो चहा त्यांनी पुढे प्यायलाच नाही.

डॉक्टरांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग ते म्हणाले, "ही पट्टी आपल्याबरोबर लहानमोठी होते. दोन माणसांतलं अंतर तेवढं ती सांगते. जमीनच खचली तर तिला कळायचं नाही. शाल्मली, तुझा आकडा वर जायला कधी लागला?"

"वर्षापूर्वी. निजायच्या दालनांना नवा लेप दिला त्या सुमाराला."

लेप उत्तम होता. भिंतीतून थंडी झिरपायची थांबली म्हणून सगळे खूश होते. पण त्यातून सुटणाऱ्या कुठल्याशा वायूकडे बघायला ठाण्याच्या वायुशोधक यंत्रांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. हरितगृहाची मात्र हवा वेगळी, माती वेगळी, आणि शाल्मली अख्खा दिवस तिथे असे.

आता एखादं स्थिर माप हवं होतं. पृथ्वीशी बोलायचं तर जाऊन-येऊन दीड तास जाई, घड्याळ लावून खेळणार कोणाशी? मग डॉक्टरांना 'पंतोजी' आठवला. पंतोजी म्हणजे एक ठोकळेबाज बुद्धिबळ-यंत्र. नव्या माणसाचं पहिलं मानांकन ठरवायला त्याच्याशी दहा डाव खेळवत आणि पुन्हा कपाटात टाकत, कारण तो त्याच चालीला तेच उत्तर देई. एकदा जिंकलेला डाव त्याच्याशी तसाच पुन्हा जिंकता येई. पण तीन वर्षांपूर्वीचे डाव कोणाच्या लक्षात असणार? पंतोजी मठ्ठही झाला नव्हता आणि शहाणाही.

पहिले अन्वरभाई बसले. आले तेव्हा त्यांनी दहापैकी आठ जिंकले होते. या वेळी एक. दहावा डाव संपल्यावर ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

"डॉक्टर, हे हात घेऊन मी यान झेलणार होतो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही, मी झेलणार होते," शाल्मली म्हणाली. "मी खेळते. तेव्हा मी चार जिंकले होते. निदान तेवढे जिंकले तर भुजा चालवायला एक तरी माणूस शाबूत आहे, असं धरून चालू."

ती आत्मविश्वासानं बसली. वर्षभराचे विजय पाठीशी होते. पहिला डाव गेला, दुसरा गेला. पाचव्यात तिचा वजीर पडला आणि तो कसा पडला हेही तिला कळलं नाही. सातवा तिनं कसाबसा जिंकला. बाकी सगळे हरली.

दहापैकी एक. अन्वरभाईंइतकाच.

"तू दिवसा हरितगृहात, पण निजायला त्याच दालनात," डॉक्टर हळूच म्हणाले. "तुझ्या वाट्याला अर्धं विष आलं. तू वर चढली नव्हतीस, बाळ. आम्ही तुझ्या दुप्पट वेगानं खाली गेलो."

शाल्मलीला रडू फुटलं. बेचाळीस माणसांचा विचार नंतर आला. आधी तिला रडू आलं ते आपल्या अठराशे पाचसाठी. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठेतरी पहिली आली होती, आणि ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट बुद्धिबळ होतं. अन्वरभाईंनी तिच्या पाठीवर थोपटलं.

'वारणा'ला कक्षेतच थांबायला सांगितलं गेलं. तिच्याजवळ तीन महिन्यांचं इंधन होतं. ठाण्यातल्या सगळ्यांनी मिळून लेप खरवडून काढला आणि अंथरुणं टोमॅटोच्या वाफ्यांमधल्या वाटांवर टाकली. मेथीच्या वासात तीसेक माणसं घोरू लागली. आता कोणी आणखी खाली जाणार नव्हतं. प्रश्न उरला तो एवढाच, की अन्वरभाईंचा मेंदू यान झेलण्याजोगा झाला, हे कळायचं कसं? पंतोजीशी डाव नुकतेच झाले होते, सगळ्यांना त्याच्या खोडी ठाऊक झाल्या होत्या. तो आता निकामी.

"माप आहे," शाल्मली म्हणाली. "मी आहे की! तुम्ही सगळे माझ्या दुप्पट खाली गेलात, तर सुधारतानाही दुप्पट वर याल. म्हणजे माझं मानांकन पडायला हवं. ते साडेपंधराशेपाशी आलं की समजा, सगळे पूर्ववत झाले."

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून बघितलं. "त्यासाठी दर डाव तुला जीव तोडून खेळावा लागेल. मुद्दाम हरलीस तर यान अवेळी बोलावलं जाईल."

"ठाऊक आहे."

असा चमत्कारिक खेळ कॅलिस्टोवर पूर्वी झाला नव्हता. शाल्मली जिंकण्यासाठी डोळ्यांत तेल घालून खेळे आणि सगळं ठाणं ती हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसे. दर रविवारी डावांमागून डाव होत. आकडा सतराशेवर आला, मग साडेसोळाशेवर, आणि सोळाशेपाशी अडून बसला. तिकडे 'वारणा'चं इंधन संपत आलं. यानाच्या कप्तानांचे निरोप दिवसेंदिवस तुटक होत गेले.

शेवटचा रविवार उजाडला. सकाळच्या सगळ्या डावांनंतर आकडा पंधराशे एकोणसत्तरवर थांबला. शेवटची गाठ अन्वरभाईंशी होती.

एक प्यादं चुकून पुढे सरकवलं की झालं, असं तिच्या मनात येऊन गेलं. कोणाला कळलंही नसतं. तिनं तो विचार झटकला आणि मांडणीतच हल्ला चढवला. तिनं उंटाचा असा सापळा रचला, की पूर्वीचे, त्या उघड्या हत्तीचे अन्वरभाई त्यात अलगद सापडले असते. त्यांनी बोट उचललं, थांबले, मिशीत हसले आणि उंटाला हात न लावता घोडा बळी दिला.

शाल्मलीला तो घोडा घेणं भागच होतं; तो घेऊन ती पुढच्या चाली पाहू लागली. एक, दोन, तीन... हत्ती येणार, राजा कोपऱ्यात जाणार, मग वजीर. सात चालींनंतरची मात तिला लख्ख दिसली. पंतोजीसमोर बसली होती तेव्हा तिला पुढची एक चालही दिसत नव्हती. तरीही तिनं खेळ सोडला नाही. शक्य ते प्रत्येक प्यादं आडवं घातलं, अन्वरभाईंना एकेका घरासाठी घाम फोडला, आणि सातव्या चालीला ती हरली.

फलकावर आकडा उमटला. पंधराशे त्रेपन्न.

भोजनगृहात जल्लोष झाला. शाल्मली त्या आकड्याकडे बघत होती. डोळे भरून आले होते, तरी चेहरा उजळला होता. अन्वरभाई उठले आणि भुजेचे हातमोजे चढवू लागले.

"चल, राखीव खुर्चीत बस," ते म्हणाले. "माझं काही चुकलं तर पहिलं तुलाच दिसेल."

"येते," ती डोळे पुसत म्हणाली. "डॉक्टर, बोलवा त्यांना खाली."