सहा खाचांचं लाकूड

"माणिकप्पानंच नेलं! दुसरं कोण?" खुर्चीत बसायच्या आधीच भागवतरावांनी निकाल देऊन टाकला.

शिवकन्याताईंचं लातुरातलं ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि वीरण्णा. ताई खासगी चौकशा करायच्या. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर वीरण्णा त्यांची गाडी चालवायचे आणि हटकून चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे. हे दुसरं काम त्यांना फार छान जमायचं.

भागवतराव औशाजवळचे बागायतदार. जुना गोठा पाडताना माळ्यावर त्यांना एक लाकूड सापडलं होतं.

"आजोबांची ठेव हो! उद्या त्यांच्या नावानं गावात संग्रहालय उघडतोय. ते मधोमध ठेवणार होतो. फलकसुद्धा रंगवलाय. आन् काल सकाळी बघतो तर गायब!"

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. पुरुषभर लांबीचं जाड सागवान. वरच्या कडेला सहा अर्धगोल खाचा, चार-चार बोटं रुंद. एका टोकाला गंजलेली बिजागरी, दुसऱ्या टोकाला कोयंडा.

"हे आहे काय पण?" ताईंनी विचारलं.

"माणिकप्पा म्हणतो, निजामाच्या काळात ह्यावर बंदुका टेकवून ठेवायचे. जुन्या वस्तूंचा व्यापारी आहे. विका म्हणून पाठीच लागलाय."

ताईंनी फोटो मोठा केला. "लोखंडाचा एक ओरखडा नाही. खाचा गुळगुळीत झाल्यात. आणि ह्या शेवटच्या खाचेत कुणीतरी पट्टी ठोकून ती अरुंद केलीय."

"बारीक नळीची बंदूक असेल," वीरण्णा म्हणाले. 

वाटेत औशाला माणिकप्पाचं दुकान लागलं. तो उलट ताईंवरच उखडला. "मी नेलं असतं तर काल दुपारी फोन करून भाव वाढवला असता का? विचारा त्यांना!"

भागवतरावांनी मान खाली घातली. फोन आला होता खरा.

शेतावर गोठ्यापासून पडक्या विहिरीपर्यंत मातीत एक रुंद चर उमटला होता. दोन्ही बाजूंना खुरांचे ठसे.

"कुळव ओढला असेल," भागवतराव म्हणाले. "माझे दोन ट्रॅक्टर आहेत. बैलांची जोडी एकच, ती आमच्या जुन्या गड्याकडं, सटवाजीकडं. म्हातारा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

ऐंशी ओलांडलेला सटवाजी बैलांजवळ उकिडवा बसला होता. लहानपणापासून तो ह्याच घरी राबलेला. धोतर वर सरकलं होतं आणि डाव्या घोट्याच्या वर काळपट वण होता, कड्यासारखा सगळीकडून.

"पायाला काय झालं बाबा?"

"ल्हान व्हतो. बैलाचा पाय पडला."

"आणि ते लाकूड?"

"न्हाई बा. म्या बघितलंच न्हाई."

"अरे, माळ्यावरून खाली तूच तर काढलंस!" भागवतराव ओरडले. म्हातारा बैलांपुढची वैरण सारखी करू लागला.

ताईंनी विहिरीत वाकून पाहिलं; तळाशी लाकडाचं टोक दिसत होतं. त्या वळून म्हणाल्या, "लाकूड इथं आहे. चोर विकण्याजोगी वस्तू विहिरीत टाकत नाही, म्हणजे ही चोरीच नव्हे. जड लाकूड बैलांनी ओढत आणलं, आणि बैल हाकतो एकच माणूस."

"सटवाजी? पण कशासाठी?"

"बिजागरी आहे म्हणजे वर दुसरं लाकूड होतं, असंच खाचांचं. ते मिटायचं आणि कोयंड्याला कुलूप. दोन अर्धगोल मिळून एक भोक. चार बोटं रुंद, आत काहीतरी मऊ घासून गुळगुळीत झालेलं. भागवतराव, एवढं जाड काय असतं? माणसाचा घोटा. हा खोडा आहे. तुमचे आजोबा ह्यात गड्यांचे पाय अडकवायचे."

वीरण्णांनी विचारलं, "मग ती पट्टी?"

"बारीक पाय निसटू नये म्हणून. लेकराचा पाय. बैलाच्या खुरानं असा गोल वण पडत नाही, अण्णा."

भागवतराव म्हाताऱ्यासमोर जाऊन बसले. त्यांनी त्याच्या पायाला हात लावला. सटवाजीनं पाय झटकन मागं घेतला.

"मालक, आसं करू नगा!"

"मला माफ कर. तुला ते बघवलं नसेल..."

"त्येचं न्हाई वो." सटवाजी म्हणाला. "उद्या लोकं येतेत. इचारतेत, ह्यात कोन व्हतं? समद्या गावाला कळंल. माज्या हातून बैल सुटला, मालकाची ज्वारी खाल्ली. धा वर्साचा घोडा झालो व्हतो, तरी डोळा लागला माजा. दोन दिस ठेवलं, बराबरच केलं थोरल्या मालकानं. चुकी माजीच व्हती."

वीरण्णांनी ताईंकडं पाहिलं. सगळं ओळखणाऱ्या ताईंना हे ओळखता आलं नव्हतं. वीरण्णांना राहवलं नाही.

"बाबा, तुमची काही चूक नव्हती हो. लेकरू होता तुम्ही."

सटवाजीनं त्यांच्याकडं समजूतदारपणे पाहिलं.

"तुमी आज आलात, सायेब. तुमाला काय ठावं?" असं म्हणून तो बैलांना पाणी दाखवायला उठला.