दोन ताऱ्यांचा निबंध

"तुमचं हे यंत्र बिनडोक आहे!"

भाषेच्या बाईंनी हे संगणकाच्या खोलीच्या दारातूनच सुनावलं, पण आत कोणी दिसेना. टेबलाखालून दोन पाय तेवढे बाहेर आले होते. मग डोकं आपटल्याचा आवाज झाला... आणि वायरींच्या गुंत्यातून एक तरुण चेहरा वर आला. केसांत जळमट, डोळ्यांत हसू.

"माझं नाही हो ते," कपाळ चोळत तो म्हणाला. "मी फक्त बसवतो."

"मग बसवलंत कशाला?"

शाळेने यंदा सातवीचे निबंध ऑनलाइन घ्यायचं खूळ काढलं होतं. मुलांनी टाइप करायचं, यंत्राने पाचपैकी तारे द्यायचे आणि तेच तारे निकालात धरायचे! विषय होता 'माझा आवडता आवाज'. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या चिमणी नावाच्या मुलीने लिहिलं होतं, कामावरून उशिरा येणारे बाबा कुलपात किल्ली फिरवतात, त्या आवाजाबद्दल. यंत्राने दोन तारे दिले. शेरा : 'विषय सोडून लिहिले आहे.' तेव्हापासून ती पोर कोऱ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसत होती. तिच्याकडून एकेक ओळ लिहून घ्यायला बाईंनी जिवाचं रान केलं होतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय?

"हजारो निबंध वाचून शिकलंय ते," तो म्हणाला.

"हजारो वाचले आणि एक कळला नाही!"

मग रोजच खटके उडू लागले. पान उघडत नाही, पडदा वेळेवर लागत नाही... बाई तरातरा जिना चढून जायच्या आणि मुलांचे ते 'वायरवाले सर' हसतमुखाने ऐकून घ्यायचे. घरी ताई वैतागली.

"रोज त्याच्या नावाने खडे फोडतेस! दिसतो तरी कसा गं?"

"मला काय करायचंय त्याच्या दिसण्याशी!" बाई फणकारल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "डाव्या गालाला खळी पडते... एवढंच पाहिलंय."

शेवटी एकदा तो म्हणाला, "तारे बंद करणं माझ्या हातात आहे, बाई. पण यंत्र चुकतं याचा मुख्याध्यापिकांना पुरावा लागेल."

"पुरावा हवा? मग वर्गात या आणि स्वतः लिहून दाखवा."

तो आला. मुलांकडे तोंड करून बाईंच्या टेबलावरच्या संगणकाशी बसला, थोडा वेळ नखं चावली आणि मग भराभर लिहीत सुटला. त्या संगणकावरचं सगळं वर्गाला दाखवणारा पाठीमागचा मोठा पडदा तास सुरू झाला की आपोआप लागावा, अशी सोय त्याने कालच केली होती... बाईंच्याच तक्रारीवरून. आणि आज तो ती साफ विसरला होता!

अख्खा वर्ग वाचत होता :

'माझा आवडता आवाज म्हणजे जिन्यावर आपटत येणाऱ्या चपलांचा. तो आला की समजावं, आता आपली खैर नाही. पण ज्या दिवशी तो येत नाही, त्या दिवशी मी चांगली लागलेली वायर काढतो आणि परत लावतो. दिवस जात नाही.'

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पुढच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. त्याने मान वळवली, पडदा पाहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. नेमका तेव्हाच निकाल झळकला.

एक तारा. 'विषय सोडून लिहिले आहे.'

"एक?" बाई कडाडल्या. "माणसाने एवढं मनापासून लिहिलंय आणि एक? या यंत्राला काही काळीज..."

त्या थबकल्या.

"हेच पान मुख्याध्यापिकांना दाखवतो," तो हळूच म्हणाला. "माझी शोभा होईल... होऊ दे. तारे तर जातील."

"बाई," मागून बारीकसा आवाज आला. चिमणीचा! "तुम्ही किती देणार?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या खेपेला चांगलं वेळ घेऊन पाहिलं.

"पाचपैकी पाच," त्या म्हणाल्या. "पण मी चपला आपटत नाही हं!"

"आपटता!" अख्खा वर्ग ओरडला, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज चिमणीचा होता.