उकळलेलं पाणी

"कुणी आहे का घरात?" मी फाटकातून हाक मारली.

"आहे... पण घरात नाही, विहिरीत!" आवाज खालून आला.

काठावरून वाकून पाहिलं, तर एक जण शिडीवर उभा राहून पंपाचा पाइप बांधत होता. गळ्यात शिंप्याची टेप. त्याने ओल्या केसांतून वर पाहिलं आणि हसला... मी आरोग्य खात्यातली, खासगी विहिरींचं पाणी तपासणारी. रोज वीस घरं पालथी घालते. पण त्या दिवशी बाटलीवर तारीख टाकायची विसरले.

घरात तो आणि सात वर्षांची भाची, दोघंच. बहीण बाळंतपणात गेली, मेहुण्याने दुसरं लग्न करून शहर गाठलं. पोर मामाकडेच वाढली. हसताना ती तोंडावर हात धरायची. दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे होते, मधे तपकिरी डाग.

"दिवसाला किती पेले पाणी पिते? वजन किती?" मी विचारलं.

"पाच-सहा पेले. अठरा किलो. माझं नाही विचारत?"

"मोठ्यांना धोका कमी असतो."

"आज सकाळपर्यंत मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला.

एका नमुन्यावर भागत नाही, म्हणून पुन्हा जावं लागलं. मग पुन्हा – तेव्हा तशी गरज नव्हती, तरी गेले. "मावशी आली!" भाची ओरडली.

तो गडबडला. "मावशी नको गं... मावशी म्हणजे माझी बहीण झाली की ती!"

"मग काय म्हणू?"

तो सुईत दोरा ओवत बसला. दोरा काही जाईना. माझे कान तापले होते.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेचा कागद आला. फ्लोराइड, चालतं त्याच्या तिप्पट.

"पण मी तर रोज उकळून देतो," तो म्हणाला. "चांगलं वीस मिनिटं. कधी चुकवलं नाही..."

गप्प राहता आलं असतं. नाही राहिले. "उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं, ते मात्र तेवढंच राहतं."

त्याने शिलाई मशीनवरचा पाय काढला. "म्हणजे मी जितकी काळजी घेतली, तितकं..."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. "डाग जाणार नाहीत. पण मागच्या दाढा अजून घडतायत, हाडं वाढतायत. आजपासून पाणी बदललं तर पुढचं वाचेल."

दुसऱ्या दिवसापासून तो सायकलवर लांबून पाणी आणू लागला. पण घरात लहान मूल असलं की अहवालाची प्रत पालकाला जाते, आणि शाळेत पालक म्हणून बापाचं नाव होतं. पंधरा दिवसांनी मेहुणा तो कागद घेऊन दारात उभा राहिला. शहरात नळाचं चांगलं पाणी आहे, म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं, हेच वाईट. बापाबरोबर निघताना भाचीने मामाचा सदरा इतका घट्ट धरला होता की शिवण उसवली.

महिन्याभराने मामाही निघाला. टेम्पोत मशीन बांधलेलं होतं.

"तिच्या शाळेजवळ खोली मिळालीय. शनिवारी दोन तास भेटू देतात..." तो थांबला. "तो आकडा थोडा कमी लिहिता आला असता?"

"आला असता."

"लिहिला असतात ना... तर मला तुम्ही इतक्या आवडल्या नसतात."

पहिल्यांदाच बोलला, आणि तेही असं, निघताना.

"मलाही तुम्ही..."

"मग चला ना."

माझ्या यादीत अजून एकशे चाळीस गावांतल्या विहिरी होत्या. "वाट बघू नका," मी म्हटलं.

"ते माझ्या हातात नाही."

टेम्पो वळणाआड गेला. मी पुढच्या घराचं फाटक वाजवलं. दार उघडणाऱ्या बाईच्या कडेवर वर्षाचं बाळ होतं. मला बघून ते खुदकन हसलं. चारच दात आले होते, पांढरेशुभ्र. मी डोळे पुसले आणि पिशवीतून बाटली काढली.