तांबडीचा क्लच आणि बंडोपंतांवरचा संशय

इंजिन बोंबलतंय, त्याच्या वेगाचा काटा सरसर वर चढतोय आणि गाडी मात्र रमतगमत चाललीय! मग इंजिनाचा एवढा जोर जातो तरी कुठं?

केतकीनं डोळे बारीक करून सरळ बंडोपंतांकडे पाहिलं. या कोड्याचं उत्तर त्या चकचकीत पत्र्याच्या डोक्यात दडलंय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

बंडोपंत हे यंत्रमानव. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानानं सल्लागार म्हणून पाठवलेले. बोलणं असं गोड, की केतकीला ते पहिल्या दिवसापासूनच खटकत होतं. एवढं गोड कोण उगाच बोलतं?

गाडी होती मृणालआत्याची. नाव तांबडी. रस्त्यावरच्या साऱ्या गाड्या विजेवर गुपचूप धावायच्या, त्या काळातही कोल्हापूरकरांच्या शर्यतीच्या गाड्या उसाच्या इथेनॉलवर डरकाळ्या फोडत होत्या. आत्यानं तांबडीला मोठा टर्बो बसवला होता (टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). ताकद वाढली, पण क्लच जुनाच राहिला. गेल्या वर्षी भैरीच्या घाटात, ऐन चढाच्या वळणावर त्या क्लचनं हात टेकले. गाडी उलटी घरंगळत कठड्यावर आदळली. कठडा मजबूत होता म्हणून आत्या वाचली. केतकीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि येत्या रविवारी आत्या पुन्हा त्याच घाटातल्या शर्यतीत उतरणार होती. नवा, भारी क्लच बसवून आज पहिली चाचणी घेतली, तर पुन्हा तेच!

"आत्या, तू रविवारी जायचं नाहीस," केतकी म्हणाली. तिनं आत्याची बाही घट्ट धरली.

"अगं, आधी काय बिघडलंय ते तर बघू," आत्या म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

तिघं गाडी ढकलत घरामागच्या शेडमध्ये आले. बंडोपंत एका हातानं ढकलत होते, तेसुद्धा केतकीला संशयास्पदच वाटलं. शेडमध्ये आबा वाट बघत होते. आबा म्हणजे केतकीचे आजोबा, धातूंचे शास्त्रज्ञ. झालेलं सगळं ऐकून त्यांनी नाक वर करून हुंगलं.

"जळका वास येतोय. म्हणजे जोर कुठं गेला ते कळलं. तो उष्णता होऊन उडून गेला."

"तो कसा काय?"

"तळहात एकमेकांवर दाब बघू. डावा हात इंजिन, उजवा हात चाकं. आता डावा फिरव."

केतकीनं डावा हात फिरवला. उजवाही त्याच्याबरोबर फिरला.

"हाच क्लच. इंजिनाबरोबर फिरणारी तबकडी आणि चाकांकडे जाणारी तबकडी स्प्रिंगा एकमेकींवर घट्ट दाबून ठेवतात. पेडल दाबलं की त्या सुट्या होतात, सोडलं की चिकटतात. त्यांना धरून ठेवतं ते घर्षण (दोन पृष्ठभागांनी एकमेकांच्या सरकण्याला केलेला विरोध). आता दाब थोडा कमी कर आणि जोरात फिरव."

तळहात एकमेकांवरून सरकले आणि चांगलेच चटचटले.

"बघ! डावा फिरतोय, उजवा जागचा हलत नाही आणि हात तापतायत. तांबडीचं हेच झालंय."

"म्हणजे क्लच कमजोर आहे!" केतकी ताडकन म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते. यांनी तीन क्लच दाखवले आणि गळ्यात मारला तो सगळ्यात मवाळ!"

बंडोपंतांचे डोळे हळूच लुकलुकले. "ताई, कारण सांगू का? पकड वाढवायचे तीन मार्ग असतात. पहिला, स्प्रिंगा अधिक कडक करायच्या. पण मग पेडल इतकं जड होतं, की वळणावळणाच्या घाटात पायात गोळे येतील. दुसरा, तबकडीवर अधिक पकडणारा मसाला, म्हणजे घासणारा थर, लावायचा, चिनीमातीच्या जातीचा. तो तापला तरी सोडत नाही, पण धरतो तो हिसका देऊन. निसरड्या वळणावर असा हिसका बसला तर चाकं जागीच फिरतील. तिसरा मार्ग, चाकांकडच्या एकीऐवजी दोन तबकड्या. प्रत्येकीच्या दोन्ही बाजू घासतात, म्हणून घासणारे पृष्ठभाग दोनाचे चार होतात, त्यामुळे पकड दुप्पट, पेडल हलकं आणि हिसका नाही. तुम्हाला दिलाय तो हाच; इंजिनाच्या जोरापेक्षा याची पकड बरीच जास्त आहे. मृणालताईंना वळणं घ्यायची आहेत, गाडी नांगराला जुंपायची नाही."

ऐकायला सगळं पटण्यासारखं होतं. म्हणूनच केतकीला ते पटेना.

"मग उघडा तो! आत्ताच्या आत्ता! बघूया आत काय माल भरलाय."

बंडोपंत लगेच तयार झाले. आता हे इतक्या पटकन का तयार झाले, हाही एक प्रश्नच होता! आत्यानं आणि त्यांनी मिळून क्लचपर्यंत पोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवला. केतकी त्यांच्या बोटांवर नजर रोखून उभी होती. काही बदलाबदल करतील तर?

तबकड्या बाहेर आल्या. त्यांच्यावर काळपट, ओलसर कडं उमटलं होतं.

"तेल!" केतकी ओरडली. "सापडलात! तेलकट माल विकलात आम्हाला!"

बंडोपंतांनी तबकडी नाकाजवळ नेली. त्यांना वास ओळखणारं नाक होतं. "हे इंजिनाचं तेल नाही. हे खोबरेल आहे. थोडी हळदही आहे, आणि कुंकू."

सगळ्यांना एकदम अवजारांची पूजा आठवली.

खंडेनवमी! सगळी अवजारं धुऊन-पुसून पाटावर मांडली होती आणि नव्या क्लचचा मान पहिला होता. दुकानाला सुट्टी, त्यामुळे बंडोपंत त्या दिवशी नव्हतेच. आबा, एवढे शास्त्रज्ञ, पण डोळे मिटून आरती म्हणण्यात दंग. आणि आत्यानं क्लच बसवताना हळदकुंकू कोरड्या फडक्यानं पुसलं, झालं!

पण तेल? गंज चढू नये म्हणून प्रत्येक अवजाराला तेलाचा हात फिरवायचा ही घरची रीत. तो हात कुणी फिरवला होता?

केतकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिनंच. आणि या तबकड्यांना तर दोनदा. याच आत्याला घाटात धरून ठेवणार, म्हणून मनोभावे, कडेकोपऱ्यांपर्यंत.

"मीच केलं," ती कशीबशी म्हणाली आणि रडू लागली. "आत्या, तू तशीच घाटात गेली असतीस तर..."

आत्यानं तिला जवळ घेतलं. "गेले नाही ना? तू उघडायला लावलंस म्हणून तर कळलं. क्लच बसवला मी, बघितलं मीही नाही."

"करवत, पाना, कानस यांना तेल चालतं," आबा खजील होऊन म्हणाले. "पण ज्याचं कामच घासून धरणं, त्याला तेल म्हणजे विष. मसाल्यात मुरलं की धुऊनही निघत नाही. मला कळायला हवं होतं."

"नव्या तबकड्या मागवतो," बंडोपंत म्हणाले. "पण त्यांना आधी हळूहळू घासून एकमेकींशी जुळवून घ्यावं लागेल. लगेच जोर लावायचा नाही."

"बंडोपंत," केतकी नाक पुसत म्हणाली, "माझं चुकलं."

"संशय घेतलात ते चुकलं नाही, ताई. फक्त तो माझ्यापाशीच थांबला होता."

नव्या तबकड्या आल्या, तेल लागलेले बाकीचे भागही घासूनपुसून कोरडे झाले. रविवारपर्यंत आत्या तांबडीला गावागावांतून हळूहळू, थांबत-निघत फिरवत राहिली.

रविवारी केतकी भैरीच्या घाटात उभी होती, त्याच वळणावर, बंडोपंतांचा पत्र्याचा हात गच्च धरून. खालून डरकाळी आली. तांबडी दिसली. चढ आला, वळण आलं, आत्यानं पेडल दाबून सोडलं. इंजिनाचा आवाज वाढला आणि तस्सा गाडीचा वेगही! तांबडी कठड्याजवळून झपकन वर निघून गेली.

"गेली! आत्या गेली वर!" केतकी नाचायलाच लागली. मग एकदम थांबून तिनं विचारलं, "इंजिनाचा वेग आणि पुढं चाकांकडे गेलेला वेग, दोन्ही सतत मोजत राहिलं, तर फरक पडताच क्लच सरकतोय हे कळेल ना? मग तेल लागलेली तबकडी स्वतःच ओरडून सांगेल?"

"छान कल्पना आहे. आमच्या दुकानात तरी तशी तबकडी नाही."

केतकीनं डोळे बारीक केले. "नाही, की दाखवत नाही?"

"उद्या येऊन सगळी कपाटं उघडून बघा."

"बघणारच," केतकी म्हणाली. "आणि नसली, तर मीच बनवणार."