डोंगराच्या आतून दोन ठोके

आमच्या रेल्वेला कुणी खेळणं म्हटलेलं मला चालायचं नाही. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंतींना लागून, कमरेएवढ्या उंचीवर आम्ही ती उभी केली होती. स्टेशन, सिग्नल, गावातली घरं, घरांच्या खिडक्यांत दिवे, आणि कोपऱ्यात जाळी-प्लास्टरचा डोंगर. पाहुण्यांना बसायला जागा उरली नव्हती. आमची ही म्हणायची, "लोक सवत आणतात, ती निदान चहा तरी करते."

पण डोंगर हिचाच. बोगदा लांब आणि वळणाचा होता. आत गाडी घसरली की बाहेरून हात पोचायचा नाही, म्हणून डोंगर पोकळ ठेवला होता. ही रेल्वेच्या टेबलाखालून रांगत, तळाच्या फटीतून आत जायची, बुटक्या स्टुलावर बसायची आणि डबे पुन्हा रुळावर चढवायची. त्या फटीतून माझं पोट जात नसे, यावरून मला चिडवायचं तिनं कधी सोडलं नाही.

आतलं बोलणं बाहेर नीट ऐकू येत नसे, म्हणून आमच्या खुणा ठरल्या होत्या. गाडी घसरली की मी रुळांना वीज देणारा रेग्युलेटर बंद करायचा. आतून फळीवर एक ठोका म्हणजे थांबा, माझा हात रुळावर आहे. दोन ठोके म्हणजे सोडा. रेग्युलेटरच्या गोल बटणाची कड एका बाजूला उडालेली होती. न बघताही ते अंगठ्याला सापडायचं.

बहुतेक वेळा स्वयंपाकाचा डबाच घसरायचा. त्याचं धुराडं इंजिनाच्या बाजूला हवं. आतून तिला गाडी पलीकडच्या अंगानं दिसायची, त्यामुळे तो डबा ती हमखास उलटा चढवायची. मी काढलेले गाडीचे फोटो बघताना हे माझ्या लक्षात यायचं आणि मी कपाळावर हात मारून घ्यायचो. "प्रवासी जेवले ना वेळेवर? मग झालं तर," हे तिचं उत्तर.

ती गेली आणि गाड्या उभ्या राहिल्या. माझे गुडघेही गेले. मुलानं त्याच्याकडे राहायला बोलावलं, मीही हो म्हटलं. रेल्वे छंदवाल्यांच्या एका क्लबनं मागितली होती. त्यांचा सुतार डोंगर कापून तुकड्यांनी नेणार होता. त्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेवावेत, असं मी ठरवलं.

छोट्या गाडीचा फोटो खऱ्यासारखा हवा असेल तर कॅमेरा चाकांच्या उंचीवर ठेवावा लागतो आणि शटर बराच वेळ उघडं. सकाळच्या उजेडात मी ट्रायपॉड लावला आणि गाडी बोगद्यात सोडली. आत चाक खरखरलं. सवयीनं मी रेग्युलेटर बंद केला, आणि मग ध्यानात आलं की आता आत जाणारं कुणी नाही. खुर्चीवर बसून मी पोटभर रडलो.

डोंगरातून एक ठोका आला.

मी जन्मभर विजेची मीटरं तपासली. मीटर खोटं बोललं तरी त्याला कारण असतं. फळीचं प्लायवूड उन्हानं तडतडतं, असं मी मनाशी म्हणालो.

मग दोन ठोके आले. मी बटण फिरवलं. गाडी शहाण्यासारखी बाहेर आली. बोगद्याच्या तोंडाशी ती थांबवून मी फोटो घेतला, तो मोठा करून पाहिला. स्वयंपाकाच्या डब्याचं धुराडं गार्डाच्या बाजूला होतं.

मला भीती वाटली नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं. आभार मानायची आमच्यात पद्धत नव्हती, तरी डोंगराजवळ जाऊन म्हणालो, "बरं झालं, तू आहेस." आणि त्याच क्षणी सुताराची आठवण झाली. करवत आली की ही जाणार कुठे?

डोंगर राहू दे, असं मी मुलाला सांगून पाहिलं. दोन खोल्यांत डोंगर ठेवायचा कुठे, असं तो म्हणाला. तुझ्या आईनं केलाय, असं मी म्हटलं.

"म्हणूनच चांगल्या हातात देतोय, बाबा," तो हळूच म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. गुणी मुलगा आहे.

सुतारानं करवत टेकवली, तोच आतून एक ठोका आला. त्यानं हात मागे घेतला.

"काका, आत कुणी आहे?"

मुलानं टेबलाखाली वाकून पाहिलं. नुसतं स्टूल आहे, म्हणाला.

मी जमेल तेवढा वाकलो. "अगं, हात काढ."

सगळे थांबले.

दोन ठोके आले.

"चालवा," मी म्हणालो. सुतारानं माझ्याकडे पाहिलं आणि करवत ओढली. डोंगर दुभंगला. आत सगळीकडे प्लास्टरचा भुगा पडला होता. स्टूल तेवढं स्वच्छ होतं.

रूळ, डबे, रेग्युलेटर, सगळं टेम्पोतून गेलं. मी फक्त कॅमेरा ठेवला.

मुलाकडे माझा पलंग प्लायवूडचा, खाली खण असलेला आहे. पहिल्याच दुपारी आडवा झालो आणि पाठीखाली एक ठोका आला. मी मोठ्यानं हसलो. सोबत आली होती. थांबा, म्हणत होती.

मग मी थांबलो. रोज दुपारी एक ठोका यायचा आणि मी निवांत झोपायचो. वेळेवर जेवलो, सुनेबरोबर फिरलो, तिचे नि मुलाचे भरपूर फोटो काढले. बाबा इथे छान रुळले, असं सून सगळ्यांना सांगते. खरंच आहे ते. या दिवसांचे उपकार कुणाचे, हे मला ठाऊक आहे.

आज दुपारी दोन ठोके आले.

सवयीनं हात पुढे गेला, आणि अंगठ्याला बटणाची उडालेली कड लागली.